नेढ्यातला दगड

रतनगडाच्या नेढ्यात, म्हणजे कड्याला आरपार पडलेल्या भोकात, बसलं की पहिली काही मिनिटं कुणी बोलत नाही, कारण बोललेलं ऐकूच येत नाही. वारा असा आरपार घुसतो की ओढणी, टोपी, वेफर्सचं रिकामं पाकीट, जे जे सैल असेल ते धरून बसावं लागतं. आमच्या आधी तिथं एक कुटुंब येऊन बसलं होतं, कल्याण-डोंबिवलीकडचं असावं. आई भिंतीला चिकटून डोळे मिटून बसलेली, बाबा मोबाईलला रेंज शोधतायत, आणि दुसरी-तिसरीतली एक मुलगी चिक्की खात वर छताकडे बघतेय. बराच वेळ बघून झाल्यावर तिनं बापाचा शर्ट ओढला आणि ओरडून विचारलं, "बाबा, इथला दगड कुठे गेला?" बाबा म्हणाले, कुठला दगड? "अरे इथला! भोक पडायच्या आधी इथे दगड होता ना?" बाबा हसले. वाऱ्यानं उडून गेला म्हणाले. "एवढा मोठा?" थोडा थोडा करून. तिनं नेढ्याच्या एका तोंडाकडे पाहिलं, मग दुसऱ्या तोंडाकडे पाहिलं. "पण कुठे?" तेवढ्यात काकांनी फोटोसाठी हाक मारली आणि सगळे उठले.

ते गेले. प्रश्न माझ्याजवळ राहिला.

मी काही पहिल्यांदा नेढ्यात बसले नव्हते. राजगडाचं सुवेळा माचीवरचं पाहिलंय, इर्शाळचं पाहिलंय, कण्हेरगडाच्या नेढ्यात उन्हानं लाल होऊन पडून राहिलेय. पण प्रत्येक ठिकाणी पलीकडे काय दिसतं तेवढंच पाहिलेलं. रतनगडावर तर पलीकडे दिसणाऱ्या गोष्टींची एवढी चंगळ आहे की दुसरीकडे लक्ष जायचं कारणच नाही. अलंग, मदन, कुलंग एका रांगेत उभे, कळसूबाईचा माथा ढगातून आत-बाहेर करतोय, खाली भंडारदऱ्याचं पाणी. भाद्रपद संपत आलेला, त्यामुळे गडाच्या सपाटीवर सोनकी इतकी दाटलेली की पाय कुठं ठेवावा कळेना, आणि उताराला तेरड्याची गुलाबी किनार. अशा वेळी जे इथं नाही त्याचा विचार एका चिक्की खाणाऱ्या पोरीलाच सुचू शकतो.

बापाचं उत्तर तसं चूक नव्हतं. फक्त वाऱ्याला जास्त श्रेय दिलं त्यानं. खरं काम पाण्याचं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर येत राहिला आणि त्याचे थरावर थर चढले, त्यांचा आपला सह्याद्री झाला, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. शाळेत जे सांगत नाहीत ते हे, की हे थर एका जातीचे नसतात. काही घट्ट काळे, हातोडी मारली तर खणखणणारे. काही फसफसून गोठलेले, बुडबुड्यांची भोकं तशीच राहिलेली, हातानं चोळलं तरी भुगा पडेल असे. दोन लाव्ह्यांच्या मधे बराच काळ गेला असेल तर तेवढ्यात वर तयार झालेली मातीही पुढच्या लाव्ह्याखाली भाजून निघते आणि कड्यात तांबडा आडवा पट्टा होऊन बसते. घाटात गाडीतून जाताना दिसतो तो. पाऊस आधी मऊ थराला धरतो. एका अंगानं कपार पडते, दुसऱ्या अंगानंही पडते, वरचा कठीण थर छत म्हणून तग धरतो. मधली भिंत पातळ होत जाते. मग कुठल्या तरी पावसाळ्यात ती शेवटची फळी निसटली असेल आणि वारा पहिल्यांदा इकडून तिकडे गेला असेल. बघायला कुणी नव्हतं. गडाला चिकटूनच तो सुळका आहे, त्याला सगळे खुटा म्हणतात. तोही याच कामातला. तिथं आजूबाजूचं सगळं गेलं आणि मधलं तेवढं राहिलं. इथं मधलं गेलं.

पण कुठे?

उतरायला लागलो तेव्हा हाच प्रश्न डोक्यात होता, आणि त्यामुळे सकाळी चढलेली वाट परत येताना निराळीच दिसायला लागली. सकाळी आम्ही बहुतेक खालीच बघत चढलो होतो. रतनवाडीतून निघालं की प्रवरेचा ओढा डावी-उजवीकडे करत पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो, बुटात पाणी जाऊ नये यातच अर्धा जीव. मग रान सुरू होतं. हिरडा, जांभूळ, आंबा, आणि खाली माणसाच्या डोक्यावर गेलेली कारवी. ऊन पोचतच नाही, घाम मात्र थांबत नाही. एका जागी वाट फुटते. सरळ धरली तर कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगड, उजवीकडची रतनगडाच्या शिड्यांखाली नेते. चालायला अवघड असं काही नाही. गुडघे बरे असलेला कुणीही दोन-तीन तासांत वर जातो. शिड्यांवर तेवढी गर्दी असते, आणि सुट्टीच्या दिवशी तर बसस्टॉपसारखी रांग लागते.

उतरताना त्याच शिडीवर आमचा नंबर यायची वाट बघत उभे होतो. वरून एक खडा आला. लिंबाएवढा असेल. कड्याला दोनदा टिचकी मारून तो खाली कारवीत गेला. रांगेतल्यांनी हसून "कोण रे तो" वगैरे केलं, वरच्यांनी "आम्ही नाही" म्हणून ओरडून सांगितलं. आमच्याबरोबर रतनवाडीचा एक पोरगा होता, अकरावीत शिकणारा, सुट्टीच्या दिवशी वाटाड्या म्हणून येणारा. तो हसला नाही. त्यानं मान वर करून कड्याचा तेवढाच तुकडा नीट न्याहाळला, आणि आम्हाला सगळ्यांना दोन पावलं डावीकडे सरकवलं. म्हणाला, "पावसानं ढिलं झालंय. आता ऊन पडायला लागलं ना, म्हणून सुटतंय." बस एवढंच. मग पाण्याची बाटली काढून प्यायला लागला.

शिडीखाली उतरल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की मघाशी ज्याला मी जंगल म्हणत होते ते सगळं पडलेल्या कड्यावर उभं आहे. खोलीएवढे धोंडे एकमेकांवर रेललेले, वरून शेवाळ आणि नेचे इतके आलेले की ते मुळचेच तिथले वाटावेत. पण कडा बघितल्या तर अजून कोरा कोपरा दिसतो, जिथून तो सुटला तिथला. एका धोंड्यावर उंबर बसलाय. त्याची मुळं दगडाच्या दोन्ही अंगांनी खाली उतरून जमिनीत गेलीत, मनगटाएवढी जाड, आणि मधल्या फटीत एक मूळ शिरून आता हळूहळू त्या धोंड्याचे दोन करतंय. झाडानं दगड धरून ठेवलाय असंही म्हणता येईल, झाड दगड फोडतंय असंही. मी हात लावून बघितला. दगड गार होता, मूळ त्यामानानं कोमट. फटीत ओली काळी माती भरलेली, आणि त्या मातीत लालसर मुंग्यांची ये-जा. माती बोटावर घेऊन चोळली तर आत बारीक कण खरखरले. हा दगडच की, फक्त फार बारीक झालेला.

इथं मला इर्शाळ आठवलं. आठवू नये असं वाटत होतं.

इर्शाळगडाला जाताना आधी इर्शाळवाडी लागायची. ठाकरांची वाडी, कुडाची आणि विटांची घरं, अंगणं शेणानं सारवलेली. नेढं बघून खाली आलो की तिथल्याच एका घरी पिठलं-भाकरी मिळायची. ओट्यावर बसून जेवताना समोर अख्खा डोंगर, आणि त्यातल्या नेढ्यातून दिसणारा आकाशाचा ठिपका. घरातली ताई वाढता वाढता म्हणाली होती, आता दिसतंय, पावसात दिसत नाही, ढग बसतो. आम्ही त्या ठिपक्याचे फोटो काढले. पुढे २०२३च्या जुलैमध्ये एका रात्री पावसात डोंगराचा उतार खाली आला आणि वाडी गाडली गेली. त्याच्या नऊ वर्षं आधी, २०१४च्या जुलैत, माळीण गाव असंच दरडीखाली गेलं होतं. इर्शाळवाडीची बातमी मी सकाळी ऑफिसला जाताना लोकलमध्ये वाचली. सोबत ड्रोननं घेतलेला फोटो होता, हिरव्या डोंगरावर तांबडी चिखलाची जखम, आणि मी वेड्यासारखी त्यात तो ओटा शोधत होते. ते फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहेत. पुसवत नाहीत, उघडवतही नाहीत. सह्याद्रीच्या सौंदर्याबद्दल कुणी फार गोड लिहिलं की मला आता थोडा राग येतो, हेही कबूल करायला हवं. मीही तसं लिहिलेलं आहे, आणि पुन्हा लिहीनही, कारण सोनकी फुललेली असताना माणूस दुसरं काय लिहिणार.

कड्याचा दगड सुटणं, उताराची माती खाली येणं, या शास्त्राच्या पुस्तकात वेगवेगळ्या गोष्टी असतील, आणि उतार कसा तोडला, झाडं किती राहिली, कुणाला कुठं वसायला भाग पडलं, हा आणखी निराळा हिशोब आहे. पण डोंगर खाली येत असतो एवढं सगळ्यांना सारखंच लागू. फक्त वरून बघणाऱ्याला तो फार हळू येताना दिसतो.

खाली ओढ्यात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. वरच्या टप्प्यातले दगड कोपऱ्यांचे, पाय ठेवला की डुगडुगणारे. अर्धा तास खाली आलं की त्यांचे कोपरे गेलेले. रतनवाडीजवळ गोल गोटे, त्यांच्यामध्ये वाळू. नदीकाठानं चालत आलं की आपोआप हे सगळं ओळीनं दिसतं, कुणी मांडून ठेवल्यासारखं, आणि तरी सकाळी मला एवढंच दिसलं होतं की गोटे निसरडे आहेत. वाडीत शिरताना शेताच्या बांधाला गडगा, तो या गोट्यांचाच. चुना नाही, सिमेंट नाही, एकावर एक बसवलेले. अमृतेश्वराचं देऊळही याच काळ्या दगडाचं. आत गेलो. बाहेरच्या उन्हातून गाभाऱ्याकडे वळलं की आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू खांबावरची नक्षी वर येते. बारीक, दागिन्यासारखी, आणि तीही जागोजाग झिजलेली. माणसानं दगड काढून तयार केलेली पोकळी आणि पावसानं दगड काढून तयार केलेली पोकळी, दोन्ही एकाच दिवशी बघायला मिळतात अशा जागा फार नाहीत. गुरवबाबांनी तीर्थ दिलं. त्यांच्या मते प्रवरा म्हणजे अमृताचीच धार, समुद्रमंथनात राहूचा गळा कापला गेला तेव्हा त्याच्या कंठातलं अमृत इथं सांडलं. तेही काहीतरी कापलं जाऊन खाली वाहत गेल्याचीच गोष्ट.

जेवण सांगून ठेवलं होतं त्या घरी मावशी वाट बघत होत्या. तांदळाची भाकरी, पिठलं, काळभाताचा वासाचा भात, आणि समोरच पाट्यावर वाटलेला मिरचीचा ठेचा. मावशींचा पाटा जुना, मधे खोलगट झालेला. मी म्हटलं, मिक्सर नाही वापरत? तर म्हणाल्या, "लाईट कवा असती का बाई. आन् त्याला ही चव नाय येत." मग पाट्याकडे हात करून म्हणाल्या की आता टाकी लावायला, म्हणजे पाटा ठोकून पुन्हा खरखरीत करून द्यायला, कुणी फिरकत नाही, पूर्वी वरसातून एकदा पाथरवट यायचा. मी दुसरा घास घेतला आणि दाताखाली कचकन आलं. अगदी बारीक. मिरचीचं बी नव्हतं. भोवतीच्या लोकांकडे बघितलं, कुणाचं लक्ष नव्हतं, गिळून टाकलं. नेढ्यात प्रश्न विचारणारी ती मुलगी आत्ता इथं हवी होती असं फार वाटलं.

रतनवाडीच्या खाली लगेच धरणाचं पाणी लागतं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं, तेही दगडीच. नदी तिथं शिरली की तिचा जोर संपतो आणि जे जड ते तळाला बसतं. म्हणजे गेली शंभर वर्षं डोंगरातून निघालेला दगड धरणापर्यंतच येतो. पुढे जातं ते पाणी आणि पाण्यात तरंगू शकेल एवढा बारीक गाळ. त्याआधी मात्र अडवणारं कुणी नव्हतं. लाखो पावसाळ्यांत हा सगळा डोंगर झिजून झिजून संगमनेर, राहुरी, नेवाशाच्या दिशेनं जात राहिला, पुढे गोदावरीत, आणि तिच्याबरोबर पार बंगालच्या उपसागरापर्यंत. धारेच्या पलीकडे पडलेला दगड कोकणात उतरला आणि अरबी समुद्राला लागला. एकाच नेढ्यातले दोन शेजारी दगड दोन समुद्रांना गेलेले असू शकतात.

माझं आजोळ श्रीरामपूरकडचं. प्रवरेच्या डाव्या कालव्याखालचं. कालवा कुणी म्हणत नाही, सगळे पाटच म्हणतात. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की गावात निराळीच हालचाल सुरू व्हायची, कुणाची पाळी कधी यावरून भांडणं, रात्री-बेरात्री मामा कंदील आणि फावडं घेऊन दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी रानात वळवायला, निघायचा. कधी कधी मला बरोबर न्यायचा. अंधारात आधी आवाज यायचा, सुकलेल्या जमिनीत पाणी शिरताना होणारा, चुर्र आणि फुसफुस यांच्या मधला. मग वास. उन्हाळ्यात त्याच काळ्या रानाला एवढ्या भेगा पडायच्या की कोपरापर्यंत हात जाई. माझ्या कितीतरी गोट्या त्यात गेल्या. मामा म्हणायचा, जाऊ दे, पुढच्या साली गोट्यांचं पीक येईल. ती काळी माती आपोआप आली असेल, जमीन म्हणजे मातीच असणार, असं तेव्हा वाटायचं. तिच्यावर ऊस उभा राहिला, उसावर कारखाने, कारखान्यांवर राजकारण, आणि हे सगळं जिच्यावर उभं आहे ती माती मुळात काळ्या दगडाचं पीठ आहे. थोडी जागेवरच झिजून झालेली, थोडी वरून वाहून आलेली. वर रतनवाडी-घाटघरला पाऊस मोजायचा कंटाळा येतो आणि खाली श्रीरामपूरला त्याची वाट बघायचा. वरचा पाऊस खाली येतो, वरचा दगड खाली येतो. रतनवाडीच्या मावशींना मात्र फाल्गुन-चैत्रात हंडा घेऊन ओढ्यातल्या डबक्यापर्यंत जावं लागतं, हेही त्यांनी भाकरी थापता थापता सांगितलं. धरण दारातून दिसतं त्यांना.

घरी आल्यावर रात्री मामाला फोन लावला. आता तो सत्तरीच्या पुढे आहे, दारं धरायला त्याचा मुलगा जातो. मी म्हटलं, रतनगडाला जाऊन आले. "म्हंजी धरणाच्या मागं ना? भरलंय का काठोकाठ?" भरलंय म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम हलका झाला. नगर जिल्ह्याच्या त्या पट्ट्यातल्या माणसाला डोंगराबद्दल सांगायला गेलं की तो धरणाची टक्केवारीच विचारतो. मग मी त्याला नेढ्याचं सांगितलं, त्या मुलीचं सांगितलं, आणि जरा उत्साहात येऊन हेही सांगितलं की मामा, तुझ्या रानातली माती म्हणजे रतनगडाचाच दगड असेल, कधीकाळी तिथून निघालेला.

मामानं शांतपणे ऐकून घेतलं. "असंल बाबा," म्हणाला. "पण उरलेला दगडबी माझ्याच रानात यावा असं काय नाय ना. औंदा उन्हाळ्यात तळ्यातला गाळ आणून टाकला वरच्या वावरात. गाळ फुकट, ट्रॅक्टरचं भाडं आपलं. चांगला काळाभोर दिसत व्हता ट्रॉलीत. पाऊस पडून धुपला तवा कळलं, निम्मा मुरूमच भरून दिला गड्यानं. आता पोरगं म्हणतंय येचून काढू. मी म्हणलं कवर येचतो? राहू दे." मग मामीनं मागून काहीतरी विचारलं, आणि तो फोन तसाच हातात धरून तिला दिवाळीत मी कधी येणार ते सांगायला लागला.